प्रिझम म्हणजे लोलक, लोलक म्हणजे प्रिझम

दहावीच्या वर्गात एकदा एका मुलीने विचारलं, "टीचर, प्रिझम म्हणजे काय?" आमचा वर्ग सेमी-इंग्रजीचा. म्हणजे इतिहास-भूगोल मराठीतून, गणित-विज्ञान इंग्रजीतून. मी सवयीने सांगून टाकलं, "लोलक." ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "आणि लोलक म्हणजे?" 'प्रिझम' हा शब्द माझ्या अगदी ओठांवर आला होता. तो तसाच गिळला. मालाडच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून मी एका बंद दाराचं उत्तर म्हणून दुसरं बंद दार दाखवत होते.

त्या रविवारी चोर बाजारात गेले. मटन स्ट्रीटवर जुन्या हंड्या-झुंबरांची दुकानं आहेत. एका दुकानात तुटलेल्या झुंबरांचे सुटे लोलक टोपलीत धूळ खात पडले होते. घासाघीस करून त्यातला एक लांबट, तीन धारांचा घेतला, घरी येऊन रिठ्याच्या पाण्यात धुतला आणि सोमवारी दोऱ्याला बांधून वर्गाच्या खिडकीत धरला. गजांमधून ऊन येत होतं. लोलक स्वतःभोवती फिरला तशी समोरच्या भिंतीवर, महाराष्ट्राच्या नकाशावर, रंगांची एक तिरपी पट्टी कोकणातून विदर्भाकडे सरकत गेली. वर्ग ओरडला. ओरडू दिला.

मग शब्दाकडे वळलो. लोल म्हणजे हलणारं, झुलणारं. झुंबराला टांगलेली काच झुलते म्हणून ती लोलक. आणि प्रिझम? मूळ ग्रीक शब्द 'प्रिस्मा', अर्थ करवतीने कापलेली वस्तू. मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याचे वडील सुतारकाम करतात, लगेच म्हणाला, "म्हणजे ठोकळा ना टीचर? रंधा न मारलेला." एवढी चांगली व्याख्या मी कुठल्याही गाइडमध्ये वाचलेली नाही. गंमत म्हणजे दोन्ही शब्दांत रंगांचा पत्ता नाही. एकाने वस्तू कशी कापली ते पाहिलं, दुसऱ्याने ती कशी लटकते ते. प्रकाशाचं काय होतं ते दोघांच्याही गावी नव्हतं. ते आपल्याला शिकायचं असतं, आणि ते शिकायला मुलांची हरकत नसते. हरकत असते ती दारावर डोकं आपटायला.

विज्ञान कुठल्या शब्दांत शिकवावं यावर आपल्याकडे फार जुनं भांडण आहे आणि त्यात दोनच पक्ष आहेत. एक म्हणतो, कशाला ते 'ध्रुवीभवन' आणि 'व्यतिकरण', पुढे सगळं इंग्रजीतच आहे, आत्तापासून सोपे इंग्रजी शब्द शिकवा. दुसरा म्हणतो, मराठीला अभिजात भाषेचा दर्जा २०२४ मध्ये मिळाला आणि आपण अजून 'रिफ्रॅक्शन' म्हणतो, लाज वाटली पाहिजे. पालकसभेत, शिक्षकांच्या प्रशिक्षणात, नातेवाइकांच्या जेवणात मी या दोघांनाही ऐकत आले आहे. दोघंही 'कुठला शब्द' यावर भांडतात. शब्द कुठलाही घ्या, तो वर्गात उघडून दाखवायचा की नाही, हे कोणी विचारत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे: पारिभाषिक शब्द अवघड नसतो, बंद असतो. तो फोडून दाखवणं हे पाठ्यपुस्तकाचं काम आहे, आणि ग्रीक शब्द फोडायला इंग्रजी लागत नाही, घरची मराठी पुरते.

'सोपे इंग्रजी शब्द' ही तर थेट फसवणूक आहे. हे शब्द इंग्रजी नाहीतच. आणि जितके जुने वाटतात तितके जुनेही नाहीत. 'टेलिस्कोप' हे नाव १६११ मध्ये रोममध्ये गॅलिलिओच्या सन्मानार्थ दिलेल्या मेजवानीत एका ग्रीक विद्वानाने सुचवलं: टेले म्हणजे दूर, स्कोपेइन म्हणजे पाहणं. फार्सीतून आलेल्या आपल्या 'दुर्बीण'चाही अर्थ तोच, दूर पाहणारी. 'फोटोग्राफी' हा शब्द इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने १८३९ मध्ये वापरला: प्रकाशाने लिहिणं. (आपण त्याच वस्तूला छायाचित्र म्हणतो, सावलीचं चित्र. ग्रीकाने उजेड पाहिला, आपण काळोख. निगेटिव्ह धुणाऱ्या माणसाला विचारलं तर तो म्हणेल दोघंही बरोबर.) 'फोटॉन', म्हणजे प्रकाशाचा कण, हा शब्द रूढ झाला तो १९२६ मध्ये अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईसने वापरल्यावर. तेव्हा माझी आजी शाळेत जात होती.

म्हणजे हे शब्द कोणीतरी बसून, ठरवून, जुळवून बनवले आहेत. आपल्या परिभाषा कोशांतले शब्द बनवले तसेच. मायकेल फॅरडे लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला. त्याला ग्रीक येत नव्हतं. आपल्या विजेच्या प्रयोगांसाठी शब्द हवे झाले तेव्हा त्याने केंब्रिजच्या विल्यम ह्यूएलला पत्र लिहिलं, आणि १८३४ मध्ये ॲनोड, कॅथोड, आयन हे शब्द जगात आले. ॲनोड म्हणजे वर जाणारा रस्ता, कॅथोड म्हणजे खाली जाणारा, आयन म्हणजे जाणारा. याच ह्यूएलने 'ॲस्टिग्मॅटिझम' हाही शब्द दिला: 'अ' म्हणजे नाही, 'स्टिग्मा' म्हणजे ठिपका. ज्या डोळ्यात किरण एका ठिपक्यावर जमत नाहीत तो दोष. त्या काळच्या लंडनमधल्या पुस्तकबांधणीवाल्याला हे शब्द जितके परके होते तितकेच ते आमच्या मालाडमधल्या कुरार व्हिलेजच्या मुलीला आहेत. फरक एवढाच की फॅरडेला ते कोणीतरी उलगडून सांगितले. तिला आपण पाठ करायला सांगतो.

शब्द उघडल्यावर काय होतं ते पाहायचं तर डोळ्यांच्या दवाखान्यासारखी जागा नाही. बोरिवलीपासून दादरपर्यंत स्टेशनाबाहेर पाट्या असतात, 'बिनटाक्याची फेको शस्त्रक्रिया'. हे फेको काय? माझ्या सासूबाईंना वाटायचं मशिनच्या कंपनीचं नाव आहे. ग्रीकमध्ये 'फाकोस' म्हणजे मसूर. डोळ्यातलं भिंग मसुरीच्या दाण्यासारखं दोन्ही बाजूंनी फुगीर, म्हणून भिंगालाही फाकोस. लॅटिनमध्ये मसुरीला 'लेन्स' म्हणतात, आणि आपल्या चष्म्यातली लेन्स ती हीच. चार्ल्स केलमन या अमेरिकन डॉक्टरने १९६७ मध्ये आंधळं झालेलं भिंग ध्वनिलहरींनी आतल्या आत फोडून शोषून घ्यायची रीत काढली आणि तिला मसुरीवरून नाव पडलं. हे सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हणजे डाळ घोटतात म्हण की." अगदी तेच.

त्याच दवाखान्यात 'कॅटरॅक्ट' असतो, ग्रीकमध्ये धबधबा, किंवा किल्ल्याच्या दारात वरून खाली पडणारं जाळीचं फाटक. डोळ्यावर काहीतरी वरून पडतं, उतरतं ही जुनी समजूत. आपण म्हणतो मोतीबिंदू, आणि तो पडत नाही, पिकतो. ज्याने कोणी हा शब्द पहिल्यांदा उच्चारला त्याने म्हाताऱ्या आईच्या बुबुळात अगदी जवळून पाहिलं असणार. मला विचाराल तर शब्दांच्या स्पर्धेत ग्रीक इथे हरला.

आणि चाळिशी. याला शास्त्रीय भाषेत 'प्रेसबायोपिया' म्हणतात. प्रेसबिस म्हणजे म्हातारा, ऑप्स म्हणजे डोळा. सरळ मराठीत म्हातारडोळा. आमच्या कोशकारांनी त्याचं प्रामाणिक भाषांतर केलं, 'वृद्धदृष्टिता', आणि तेच मराठी माध्यमाच्या पुस्तकात छापलं. पण लोकांनी आधीच त्याहून नेमका शब्द केलेला होता. चाळिशी म्हणजे वय, चाळिशी म्हणजे दोष आणि चाळिशी म्हणजे त्यावरचा चष्माही. एका शब्दात निदान, वेळ आणि उपचार. डोळ्यातलं भिंग ताठर व्हायला लागलं की जवळचं धूसर होतं आणि हे बहुतेकांच्या लक्षात येतं ते चाळिशीतच. वृद्ध वगैरे काही झालेलं नसतं. म्हणजे शास्त्राच्या कसोटीवरही लोकांचा शब्द ग्रीकपेक्षा आणि कोशापेक्षा सरस. मग तो पुस्तकात का नाही? याला मला आजवर एकच उत्तर मिळालं: "तो बोलीतला आहे ना."

'मायोपिया' मात्र उलट. पुस्तक म्हणतं निकटदृष्टिता, जवळचं दिसणं. ग्रीक म्हणतो डोळे मिटणारा, मिचकावणारा. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून डोळे बारीक करून बघणारी मुलं प्रत्येक वर्गात दोन-चार असतात. हा अर्थ कळल्यापासून मी फळ्याकडे पाठ करून मुलांच्या तोंडाकडे बघायला लागले, आणि एका वर्षात तिघांच्या पालकांना चष्म्यासाठी पाठवलं. शब्दाने माझंच शिक्षण केलं. आणि 'दूरदृष्टिता' हा दोष आहे हे सांगितल्यावर दरवर्षी वर्ग हसतोच, कारण शेजारच्या तासाला शिवाजी महाराजांची दूरदृष्टी शिकवलेली असते.

एक शब्द राहिला, माझा सगळ्यात लाडका. बुबुळाच्या मधोमध जो काळा ठिपका असतो त्याला इंग्रजीत 'प्युपिल' म्हणतात, लॅटिन 'पुपिल्ला'वरून, अर्थ छोटी बाहुली. ग्रीकमध्ये त्याला 'कोरे', अर्थ मुलगी. संस्कृतात 'कनीनिका', अर्थ लहान मुलगी. आणि मराठीत? डोळ्यातली बाहुली. का, ते पाहायचं तर शेजाऱ्याच्या डोळ्यात अगदी जवळून बघा. तिथे तुम्ही दिसता, बोटभर उंचीचे. वर्गात हा प्रयोग केला तेव्हा पाच मिनिटं मुलं एकमेकांच्या नाकाला नाक लावून बसली होती. बहिर्वक्र आरसा लहान आणि सुलटी प्रतिमा देतो हे वाक्य नंतर कोणाला पाठ करावं लागलं नाही. पुस्तकात त्या ठिपक्याला 'डोळ्याची बाहुली' असंच म्हटलेलं आहे. पण का म्हटलं, ते नाही.

संस्कृत शब्दांनाही यातून सूट नाही. माझ्या शाळेच्या पुस्तकात रिफ्रॅक्शनला 'वक्रीभवन' होतं. अर्थ लगेच कळायचा, वाकडं होणं. आता 'अपवर्तन' आहे. हिंदीतही हाच शब्द आहे, आणि किरण पाण्यात शिरताना एका ठिकाणी मोडतो, धनुष्यासारखा वाकत नाही, तेव्हा नवा शब्द शास्त्राला धरून आहे असंही सांगतात. असेल. पण परावर्तन आणि अपवर्तन एकाच पानावर शेजारी ठेवले की निम्मा वर्ग पेपरात त्यांची अदलाबदल करतो. 'इष्टिकाचिती' या शब्दाची तर महाराष्ट्रभर टिंगल होते. इष्टिका म्हणजे वीट, चिती म्हणजे रचलेला ढीग. विटा रचल्यावर जो आकार होतो तो. बांधकामावर काम करणाऱ्या आईबापांच्या मुलांना यापेक्षा ओळखीची वस्तू कुठली? पण ही एक ओळ कोणी सांगितली नाही, म्हणून विनोद झाला.

आता दगडांकडे येते, कारण मी मालाडची. आमच्या लहानपणी पूर्वेच्या टेकड्यांवर खाणी चालू होत्या. दुपारी शिट्टी व्हायची, मग सुरुंग. घरातली भांडी खणखणायची, आजी देवासमोरचा दिवा हाताने झाकायची. संध्याकाळी आम्ही पोरं खाणीच्या कडेला गारगोट्या वेचायचो. काळ्या दगडाच्या पोटात पोकळी असायची आणि तिच्यात पांढरे, फिकट हिरवे स्फटिक, कधी कापसाच्या गोळ्यासारखे, कधी सुयांसारखे. खूप पुढे कळलं की मालाड-कांदिवलीच्या त्या खाणींतली खनिजं जगभरच्या संग्राहकांच्या कपाटांत आहेत. आम्ही त्यांनी लगोरी खेळायचो.

यातल्या किती शब्दांना ग्रीक चिकटलेलं आहे ते बघा. 'सुरुंग' हाच मुळात ग्रीक. 'सिरिंक्स' म्हणजे नळी, बोगदा. त्यावरून संस्कृतात 'सुरुंगा' आला असं भाषाशास्त्रज्ञ मानतात, आणि तिथून तो खाणमजुराच्या तोंडी. त्याला 'हा परका शब्द आहे' असं कोणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. आरशाच्या धड्यातलं 'वक्रता केंद्र' हे शुद्ध संस्कृत वाटतं ना? 'केंद्र' म्हणजे ग्रीक 'केंट्रॉन', टोचणारं टोक. ज्योतिषाबरोबर दीड-दोन हजार वर्षांपूर्वी आलं आणि घरचं झालं. आज सरकारलाच आपण केंद्र म्हणतो, आणि ते टोचतंही.

मालाडचा पिवळसर दगड काळा घोड्याच्या वस्तुसंग्रहालयाच्या भिंतीत कुर्ल्याच्या दगडाबरोबर बसलेला आहे. भूशास्त्रात त्याला 'ट्रॅकाइट' म्हणतात, ग्रीक 'ट्राखिस'वरून, अर्थ खरखरीत. भिंतीवरून तळहात फिरवला की शब्द पाठ. आणि अंधेरीचा गिल्बर्ट हिल, तो दोनशे फुटी काळा सुळका, ज्याच्या डोक्यावर गावदेवीचं देऊळ आहे, तो बेसाल्ट. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे उभे खांब. 'बेसाल्ट' या शब्दाची कुंडली फारच मजेची. ग्रीकमध्ये 'बासानोस' म्हणजे सोनं पारखायचा काळा दगड. त्यावरून 'बासानायटीस'. रोमन लेखक प्लिनीच्या लॅटिन ग्रंथाच्या नकला करताना कोणा लेखनिकाच्या हातून अक्षरं चुकली आणि 'बासाल्टीस' झालं. १५४६ मध्ये जर्मनीतल्या आग्रिकोला या खनिजशास्त्रज्ञाने ते नाव एका किल्ल्याखालच्या काळ्या खांबांना दिलं, आपल्या गिल्बर्ट हिलसारख्याच. तिथपासून आजतागायत तीच चूक आपण पेपरात बरोबर म्हणून लिहितो.

पण मला थांबवतं ते दुसरंच. बासानोस म्हणजे आपली कसोटी. झवेरी बाजारात सोनाराच्या हाताशी आजही असते ती, गुळगुळीत काळी, तिच्यावर दागिना घासून रेघ ओढायची आणि रेघेचा रंग बघायचा. मराठीत त्या दगडाचं नाव पुढे सगळ्याच परीक्षांना पडलं, कसोटीचा क्षण आणि कसोटी सामना. ग्रीकमध्येही अगदी तसंच झालं, बासानोसचा अर्थ दगडावरून परीक्षेवर सरकला. आणि त्यांच्याकडे पुढे आणखी सरकून छळापर्यंत गेला, कारण गुलामाची साक्ष त्याला यातना देऊन घेत. दहावीच्या मुलांना मार्चमध्ये हा तिसरा अर्थ फार पटतो.

खाणीतले ते पांढरे स्फटिक झिओलाइट गटातले. स्वीडनच्या क्रोनस्टेट नावाच्या खनिजशास्त्रज्ञाने १७५६ मध्ये असा एक दगड तापवला तर तो वाफ सोडत फसफसला. त्याने नाव दिलं झिओलाइट: 'झेइन' म्हणजे उकळणं, 'लिथोस' म्हणजे दगड. उकळता दगड. मी माझ्याकडचा एक तुकडा परीक्षानळीत घालून स्पिरिटच्या दिव्यावर धरला होता. आधी चटचट आवाज आला, मग स्फटिक दुधी झाला आणि नळीच्या वरच्या गार भागात आतून पाण्याचे थेंब जमले. "दगडातून पाणी!" दगडात बांधलेलं पाणी म्हणजे काय, ते सोडून दिल्यावर ती मोकळी घरं कशाला उपयोगी पडतात, कपडे धुवायच्या पावडरमध्ये झिओलाइट का घालतात, हे सगळं त्या एका नावाला लटकून आलं. त्याच्या भावंडांची आणि शेजाऱ्यांची नावंही अशीच. 'स्टिल्बाइट' म्हणजे चमकणारा. 'अपोफिलाइट' म्हणजे पानं सुटणारा, तापवला की पापुद्रे निघतात म्हणून. 'स्कोलेसाइट'मध्ये 'स्कोलेक्स' म्हणजे अळी आहे, कारण ज्योतीत धरल्यावर तो अळीसारखा वळतो. प्रयोगवहीच नावात लिहून ठेवलेली आहे. (सगळ्यांचीच नाही. मालाडचं ते फिकट हिरवं 'प्रेनाइट' एका डच कर्नल प्रेनच्या नावाचं. तिथे उघडायला काही नाही, पुढे चला.)

इथे मला काही मंडळींना दारातच थांबवायचं आहे. ग्रीक शब्दांची फोड सांगायला लागलं की वर्गात नाही, पण स्टाफरूममध्ये हमखास कोणीतरी म्हणतं, "म्हणजे सगळं आपल्याकडूनच गेलं." नाही गेलं. 'ॲडमास', म्हणजे हिरा, याची प्रचलित फोड ज्याचं दमन होत नाही तो अशी आहे आणि ती 'अदम्य'च्या शेजारी बसते. 'मेसोस' आणि मध्य, 'बॅरिस' म्हणजे जड आणि आपला गुरु, 'फोस' म्हणजे प्रकाश आणि आपली भा-प्रभा, ही जवळची नाती आहेत. पण ती आई-लेकराची नव्हेत, चुलत भावंडांची. पूर्वज एक, घरं वेगळी. काही शब्द मात्र खरोखर इथून गेले आणि त्यांची कहाणी बढाईपेक्षा सुरस आहे. वैडूर्याचं प्राकृत रूप वेरुलिय, त्यावरून ग्रीक 'बेरिल्लोस', म्हणजे बेरिल. मध्ययुगात जर्मनीत पारदर्शक स्फटिकांच्या चकत्या वाचायला वापरत, म्हणून जर्मनमध्ये चष्म्याला आजही 'ब्रिले' म्हणतात. धार लावायच्या आपल्या कुरुंदाच्या दगडाचा सगा दक्षिणेतून जाऊन 'कोरंडम' झाला. आणि पहिल्या शतकातल्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या दर्यावर्दी टिपणात सोपारा आणि कल्याण ही बंदरं आहेत, तसंच पैठणहून भडोचला जाणाऱ्या ऑनिक्सचाही उल्लेख आहे. 'ऑनिक्स' म्हणजे नख. आणि आपल्या 'नख' शब्दाचं ऑनिक्सशी तेच चुलत नातं. नालासोपाऱ्याहून विरार लोकलने येणाऱ्या मुलाला हे कोणी सांगत नाही, आणि मग आपण म्हणतो त्याला इतिहासात रस नाही.

आक्षेप आहेत, आणि त्यातला एक भारी आहे. व्युत्पत्ती खोटं बोलते. 'ऑक्सिजन' म्हणजे आम्ल बनवणारा. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिएला वाटलं होतं की प्रत्येक आम्लात हा वायू असणारच. हायड्रोक्लोरिक आम्लात तो नाही हे पुढे १८१० च्या सुमारास इंग्रज रसायनशास्त्रज्ञ डेव्हीने दाखवलं, पण नाव तेच राहिलं. 'क्रिस्टल' म्हणजे बर्फ. ग्रीकांना वाटायचं गारगोटी म्हणजे कायमचा गोठलेला बर्फ. 'अमेथिस्ट' म्हणजे न झिंगलेला. तो जवळ ठेवून दारू प्यायलं तर चढत नाही अशी समजूत. (या दगडाची मागणी आमच्या गल्लीत अजूनही असेल.) मग असा चुकीचा अर्थ मुलांना सांगायचा? मी म्हणते, तोच तर सांगायचा. एवढ्या मोठ्या लव्हाझिएचा अंदाज चुकला आणि एका प्रयोगाने तो पाडला, हे 'विज्ञानाची वैशिष्ट्ये लिहा'पेक्षा जास्त विज्ञान आहे.

दुसरा आक्षेप, वेळ नाही. एका शब्दाला एक ओळ, दहावीच्या प्रकाशाच्या धड्यांत असे वीस शब्द धरा, तर वीस ओळी. एक जाहिरात वाचायला लागतो तेवढा वेळ. तिसरा आक्षेप माझा मीच घेते आणि तो मला खरंच घाबरवतो: उद्या हे पुस्तकात आलं की परवा पेपरात 'पुढील शब्दांची व्युत्पत्ती लिहा, गुण २' असं येईल, तेरवा त्याचं गाइड निघेल आणि मुलं 'फाकोस म्हणजे मसूर' हेही डोळे मिटून घोकतील. यावर माझ्याकडे तोडगा नाही. फोड पुस्तकात शब्दाशेजारी बारीक टाइपात द्या आणि तिच्यावर प्रश्न काढायला मंडळाने मनाई करा, एवढंच सुचतं.

त्यासाठी नवं काही उभारायलाही नको. आता चुनाभट्टीला असलेली मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून मराठीतून विज्ञान सांगते आहे, आणि चुनखडी भाजून जिथे चुना करत त्या भट्टीच्या नावाच्या वस्तीत ती असावी हे मला नेहमी शुभ वाटलं आहे. भाषा संचालनालयाचे कोश आहेत, विश्वकोश आहे. आणि नमुना हवा असेल तर तोही याच शहरात आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये मुंबईत 'दर्पण' काढलं तेव्हा एका बाजूला इंग्रजी आणि एका बाजूला मराठी असे शेजारी शेजारी रकाने छापले. जवळजवळ दोनशे वर्षं झाली. सेमी-इंग्रजीच्या विज्ञानाच्या पुस्तकाला अजून तो दुसरा रकाना मिळालेला नाही.

मी निवृत्त झाले तेव्हा माझी पाठ्यपुस्तकाची प्रत माझ्या जागी आलेल्या मुलीला देऊन आले. समासात पेन्सिलीने सगळं लिहिलेलं आहे, करवतीने कापलेला, मसूर, म्हातारडोळा, उकळता दगड. पूर्वपरीक्षेनंतर तिचा फोन आला. "मॅडम, डोळ्यांच्या दोषांच्या प्रश्नात सात मुलांनी प्रेसबायोपियाला मराठीत चाळिशी लिहिलंय. तुम्हीच सांगितलं होतं म्हणे त्यांच्या ताई-दादांना. नमुना उत्तरपत्रिकेत वृद्धदृष्टिता आहे. मार्क देऊ?"

"दे की," मी म्हटलं.

"आणि बोर्डात मॉडरेटरने कापले तर?"

मी तिला त्या मॉडरेटरचं वय काय असेल ते विचारलं.